छप्पन्नावा भाग

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझे कागद मंगळवारी पोचले. रात्री जेवण झाल्यावर नुसते चाळायला म्हणून घेतले आणि दोन वाजता खाली ठेवले. ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या ५५ भागांवर प्रत्येकी दोन-अडीच पानं, बारीक अक्षर, समासात बाण, भरपूर खाडाखोड. आणि मग एकदम ‘स्पॉक्स ब्रेन’ या ५६व्या भागाच्या नावाखाली चार ओळी. चार! त्यातली एक गुणांची, ‘दहापैकी एक’. दुसरी टवाळीची, की पळवला स्पॉकचा मेंदू पण हरवलाय लेखकाचा. तिसरी, ‘हा ली क्रोनिन नावाचा गाढव कोण?’ चौथी तू अर्ध्यावरच सोडलीयस.

खाली चिठ्ठी. तिसरा सीझन सगळेच टाकाऊ म्हणतात, तर उरलेले २४ भाग एका लेखात उरकू का? की त्यातले चांगले चार-पाच तेवढे घेऊ? आणि मुळात हे सगळं मी करतेय तरी कशाला?

शेवटच्या प्रश्नाच्या वाटेला मी जाणार नाही. कशाला करतेस ते तुला माहीत नसतं तर ५५पर्यंत आलीच नसतीस. पहिल्या दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे: नाही. उरकायचंही नाही आणि वेचायचंही नाही. पुरतं पाहायचं, मग लिहायचं. आपल्याकडे ‘असे छप्पन पाहिलेत’ असं लोक ऐटीत म्हणतात. तू नेमकी ५५वर थांबलीस.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय ते ऐक.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. तुझी आई तेव्हा परकरात असेल. मी तालुक्याच्या गावी बँकेत कारकून, आणि तिथल्या एका साप्ताहिकात टीव्हीवर सदर लिहायचो. मानधन म्हणजे अंकाची एक प्रत, तीही स्वतः जाऊन आणायची. घरी सरकत्या लाकडी दारांचा कृष्णधवल सेट. कॅप्टनच्या जहाजावर माणसांचे सदरे वेगवेगळ्या रंगांचे असतात, हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. लाल सदऱ्याचा माणूस परग्रहावर उतरला की तो बहुधा परत येत नाही, यावर अख्खं जग हसलं. मला सगळेच करडे दिसायचे. कोण मरणार ते आधी कळायचं नाही, आणि खरं सांगू का, त्यात जास्त मजा होती. (कॅप्टन कर्कचा तो पिवळा सदरासुद्धा मुळात हिरवट कापडाचा होता, दिव्यांखाली फिल्मवर तो पिवळा पडायचा. म्हणजे रंगीत सेटवाल्यांनी तरी काय मोठं खरं पाहिलं!)

तर अशाच एका रविवारी ‘द डेव्हिल इन द डार्क’ लागला. तुझ्या यादीतला २५वा. तू त्यावर चांगलं लिहिलंयस, म्हणून गोष्ट पुन्हा सांगत नाही, फक्त मी कुठवर पाहिलं ते सांगतो. खाणीत कोणीतरी माणसं जाळून मारतंय. पन्नासेक मेली आहेत. कर्कचा मित्र आणि जहाजावरचा अधिकारी स्पॉक म्हणतो, हा आपल्या जातीतला शेवटचा जीव असेल तर त्याला मारणं हा विज्ञानाविरुद्ध गुन्हा ठरेल. कर्क म्हणतो, मारायचा. मग बोगद्यात छत कोसळतं, कर्क एकीकडे एकटा अडकतो, वळून बघतो तर समोर ते धूड. दगडी गोधडीसारखं, हलतंय. कर्कने हत्यार उचललं.

आणि वीज गेली.

मजकूर त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत छापखान्यात द्यायचा असे, सोमवारी सकाळी कंपोझिटर खिळे जुळवायला बसायचा. वीज आली दुपारी दोनला. मी काय करणार होतो, सांग. शेजारी विचारावं तर आख्ख्या गल्लीत वीज नव्हती. मी बसलो आणि लिहून टाकलं: ‘अखेर कॅप्टन कर्क त्या राक्षसाचा खातमा करतो आणि खाण पूर्ववत सुरू होते. अमेरिकन मालिकेकडून याहून वेगळी अपेक्षा ती काय करणार?’ या शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होतो. चहा पिताना दोनदा मोठ्याने वाचलं.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकाच्या पत्त्यावर १५ पैशांचं एक कार्ड आलं. संपादकांनी काही न बोलता माझ्या हातात ठेवलं. वर ना मायना, ना नाव. शाळामास्तरी वळणाचं अक्षर: ‘राक्षस मेला नाही. ती आई आहे. पुन्हा पाहावे. — एक वाचक.’

पुन्हा पाहावे! कुठे पाहू? व्हिडिओ गावात एकाच्या घरी, तो तासावर भाड्याने मिळायचा आणि त्यावर फक्त हिंदी सिनेमे. दूरदर्शनला पत्र लिहून काय मागणार, माझ्यासाठी पुन्हा दाखवा म्हणून? दुरुस्ती छापा म्हणालो तर संपादक म्हणाले, ‘अहो, कोण वाचतंय?’ त्या अंकात मी काहीतरी दुसरंच लिहिलं. तुला म्हणून सांगतो, वीज गेली हा माझा दोष नव्हता. पाच वाजताची मुदतही माझी नव्हती. चाळीस वर्षं मी हे स्वतःला सांगत आलोय आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण ‘वीज गेल्यामुळे शेवट पाहता आला नाही’ ही एक ओळ लिहायला मला कोणी अडवलं होतं? ती मी लिहिली नाही. पाहिलं नव्हतं आणि पाहिल्यासारखं लिहिलं.

तो भाग मी पुरता पाहिला तो फार नंतर, मुलाने डीव्हीडींचा संच आणला तेव्हा. आणि मला घाम फुटला. कारण त्या भागात जे काही आहे ते सगळं वीज गेल्यानंतरच आहे. कर्क गोळी घालत नाही. वर गंमत बघ, तोवर ‘मारू नका’ म्हणणारा स्पॉक यंत्रावरून ओरडतो, मारा, ताबडतोब मारा. आणि ‘मारा’ म्हणणारा कर्क हत्यार खाली करून त्या धुडासमोर उकिडवा बसतो. मित्राचा जीव धोक्यात आला तशी स्पॉकची तत्त्वं गळाली, आणि प्रत्यक्ष समोर आल्यावर कर्कचा राग गेला. दोघांची जागा बदलली, आणि तीही एक वाक्य न समजावता. मग ते जनावर आम्लाने दगडावर अक्षरं कोरतं: ‘नो किल आय’. ‘मला मारू नका’ की ‘मी मारणार नाही’? कर्क हाच प्रश्न विचारतो. आणि खाणीच्या साहेबाच्या टेबलावर सुरुवातीपासून पडलेला तो गोल गोळा, जो मी त्या रविवारी कागद दाबायचा दगड समजलो होतो, ते तिचं अंडं. खाणकामगारांनी तशी हजारो फोडली होती.

तू लिहिलंयस की या भागात एकाही बाईला संवाद नाही. बरोबर पकडलंस. पण पुढे लिहायला हवं होतंस, की सगळ्या पुरुषांच्या गर्दीत मधोमध पडलेली ती एकटी बाई आहे, दगडाची. हे लिहायचं तुझ्याकडून राहिलं. असो.

आता तुझ्या गाढवाकडे येऊ.

२५वा भाग कोणी लिहिला? तूच लिहिलंयस: जीन कून, ‘या मालिकेचा खरा प्राण’. यानोस प्रोहास्का नावाच्या स्टंटमनने तो रबरी प्राणी तयार केला, अंगावर चढवून कूनच्या कचेरीत रांगून दाखवला, आणि कूनने त्याच्याभोवती कथा रचली, हेही तू शोधून काढलंस. शाबास. मग ली क्रोनिन कोण एवढं शोधायला काय झालं होतं?

ली क्रोनिन म्हणजे जीन कून. तोच माणूस. दुसऱ्या सीझनच्या मधेच त्याने मालिकेचं काम सोडलं, दुसऱ्या स्टुडिओशी करार केला, आणि इकडचं लिखाण टोपणनावाने दिलं. ज्याला तू २५व्या भागात प्राण म्हणालीस त्यालाच ५६व्यात गाढव म्हणालीस. हसू नकोस, मला हसू आलं नाही. मला ते कार्ड आठवलं.

आणि हे नाव पुढे आणखी तीनदा येणार आहे. ६१, ६६ आणि ७०. कुठे आख्खी पटकथा, कुठे फक्त कथा. तू उरकणार होतीस त्या २४ भागांत ते आहेत. एकच माणूस आधी खऱ्या नावाने काय लिहितो आणि नाव लपवल्यावर काय लिहितो, हे शेजारी शेजारी ठेवून बघायची संधी समीक्षकाला आयुष्यात कितीदा मिळते? १९७३ साली तो गेला, ४९ वर्षांचा होता. त्याला विचारता येणार नाही. पाहता येईल. पुरतं पाहिलं तर.

या रविवारी मी ‘स्पॉक्स ब्रेन’ पुन्हा लावला. प्रामाणिकपणे सांगतो, ती मंडळी बर्फात चालतात तिथे माझा डोळा लागला. काकूने उठवलं. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. भाग वाईट आहे का? वाईट आहे. कोणीतरी बाई जहाजावर येते, मनगटावरचं बटण दाबते, सगळे आडवे, आणि शुद्धीवर येतात तर स्पॉकचा मेंदू गायब. डोक्यावरचा केसही हललेला नाही! मग जहाजाचा डॉक्टर मॅकॉय हातात यंत्र घेऊन बिनमेंदूच्या स्पॉकला खेळण्यातल्या मोटारीसारखा चालवतो. ‘ब्रेन अँड ब्रेन! व्हॉट इज ब्रेन?’ हे वाक्य तर साठ वर्षं लोक एकमेकांना ऐकवतायत. त्या जमिनीखालच्या बायकांना इतकं बावळट दाखवलंय की बघताना लाज वाटते, आणि शेवटी कर्क त्यांना जे शहाणपण शिकवतो ते ऐकताना त्याहून जास्त. हे सगळं लिही. सोडून दे असं माझं म्हणणं नाही. पण हे सगळं पहिल्या वीस मिनिटांत दिसतं, आणि तुझ्या चार ओळी तिथेच संपतात. तू किती पाहिलास, खरं सांग?

कारण पुढे बघ काय आहे. त्या बायकांना स्वतःच्या यंत्रांची काहीच माहिती नाही. पूर्वजांनी ज्ञान एका टोपात भरून ठेवलंय, तो डोक्यावर चढवला की तेवढ्यापुरतं सगळं येतं, मग विसरतं. मॅकॉय तो टोप चढवतो. स्पॉकचा मेंदू परत बसवायला घेतो, हात सरसर चालतायत, पोरखेळ वाटतोय त्याला. आणि अर्ध्यावर आल्यावर विसरायला लागतो. उघडा मेंदू समोर, आणि हा डॉक्टर हळूहळू पुन्हा आपल्यासारखा अडाणी होतोय. मग तो घाईने स्पॉकचा आवाज तेवढा जोडतो आणि पेशंटच डॉक्टरला वाट दाखवतो. ही कल्पना रद्दी आहे का? अशी कल्पना मला सुचली असती तर मी बँकेत व्हाउचरं तपासत बसलो नसतो.

आता २५वा आठव. तिथे मॅकॉय काय म्हणतो? मी डॉक्टर आहे, गवंडी नाही. आणि मग जहाजावरून सिमेंट मागवतो, बाह्या सरसावून त्या दगडी आईच्या जखमेत थापीने भरतो. दोन्हीकडे तोच डॉक्टर, दोन्हीकडे हाताबाहेरचं काम, दोन्हीकडे ‘मला जमणार नाही’ आणि दोन्हीकडे जमतं. दोन्हीकडे जमिनीखाली जायचं. २५मध्ये जमिनीखाली एक आई आपली अंडी राखतेय. ५६मध्ये जमिनीखाली नुसती आईवेगळी पोरं आहेत, आणि त्यांना ऊब द्यायला, हवा-पाणी पुरवायला त्यांनी एक मेंदू पळवून आणलाय. तीच गोष्ट उलटी करून पुन्हा लिहिलीय. कूनच्या डोक्यात हे होतं का? मला वाटतं, नसावं. घाईत लिहिताना माणसाच्या हातून त्याची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उतरते, एवढंच असेल. पण परीक्षण म्हणजे हेच दाखवणं. ‘दहापैकी एक’ म्हणजे परीक्षण नव्हे.

आणि स्पॉकचं काम करणारा लिओनार्ड निमॉय! त्याला या भागात अर्धा वेळ शरीर आहे पण आवाज नाही, आणि अर्धा वेळ आवाज आहे पण शरीर नाही. इतक्या हास्यास्पद प्रसंगात तो बिचारा कुठेही मान टाकत नाही. रिकामा चेहरा घेऊन उभा राहतो, ताठ. सगळे जहाज सोडून गेल्यावरही कामावर हजर राहणाऱ्या कारकुनासारखा. त्याच्याबद्दल एक ओळ नाही तुझ्या चार ओळींत.

मार्कांचं एकदा बोलून टाकतो. मार्क द्यायची हौस असेल तर शाळेत नोकरी धर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतील. आकडा डोक्यात आला की माणूस पुढचं बघत नाही, दिलेल्या आकड्याला पुरावे गोळा करतो. त्या कार्डानंतर मी दोन वर्षं सदर लिहिलं. प्रत्येक भाग पुरता पाहून. न पाहता आला तर ‘पाहता आला नाही’ असं स्पष्ट लिहून, आणि असे किती आठवडे गेले म्हणतेस! शेवटी संपादक म्हणाले, वाचकांना वेळ नाही, मजकूर कमी करा आणि पाचपैकी तारे टाका. मी नाही म्हणालो. त्यांनी सदर बंद केलं आणि त्या जागी राशिभविष्य सुरू केलं. काकू म्हणते, तारे टाकले असतेस तर काय बिघडलं असतं, राशिभविष्यातही तारेच आहेत. तिचं बरोबर असेल. कदाचित मी हट्टी होतो. पण तारे टाकायला मी नकार दिला याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते नंतर मी लिहिणंच सोडलं याचं. ते मात्र मी चुकलो. सदर गेलं म्हणून पाहणं थोडंच जातं? पण मी रुसलो. तू रुसू नकोस, म्हणून हे लांबण लावलंय.

तिसऱ्या सीझनबद्दल ‘सगळे म्हणतात’ असं लिहिलंयस. सगळे काय म्हणतात ते मलाही ऐकू येतं. पण तो सीझन आला कुठून हे त्यांना विचार. दुसऱ्या सीझनमध्येच मालिका गुंडाळणार अशी बोलवा झाली, तेव्हा बीजो ट्रिम्बल ही चाहती आणि तिचा नवरा जॉन यांनी प्रेक्षकांना पत्रं लिहायला लावली. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीच्या दारात इतकी पत्रं आली की १ मार्च १९६८ला, भाग संपल्यावर, मालिका चालू राहणार अशी घोषणा त्यांना पडद्यावर करावी लागली. आणि मग काय केलं? पैसे कमी केले आणि वेळ दिली शुक्रवार रात्री दहाची. जी तरुण पोरं ही मालिका बघायची ती शुक्रवारी रात्री दहाला घरी असतील का? लोकांनी टाक झिजवून मिळवलेला सीझन आहे तो. तो तू एका लेखात उरकणार?

शिवाय पैसे नसले की माणसं काय करतात तेही त्यातच दिसतं. ६१व्यात आख्खं गाव उभं करायला पैसा नाही, तर नुसत्या पुढच्या भिंती उभ्या केल्या आणि अर्धवट गाव हीच कथा करून टाकली. (हाही क्रोनिनचाच.) ६७वा बहुतेक काळ्या रिकाम्या रंगमंचावर आहे, आपल्या एकांकिका स्पर्धांत असतो तसा. आणि ७०वा, तो अर्धे काळे अर्धे गोरे तोंडवाल्यांचा: एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी, आणि एवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर. बटबटीत आहे असं म्हणशील, म्हण. पण माझ्या कृष्णधवल सेटवर एवढा एकच भाग जसा काढला तसा दिसला असता.

७८वा मात्र सावकाश बघ, घाई करशील तर खबरदार. ‘ऑल अवर यस्टरडेज’. तो लिहिला जीन लिझेट अरोस्ट या बाईने. ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती, कोणी न मागता तिने पटकथा पाठवली आणि त्यांनी घेतली. ६०वाही तिचाच. ७८व्यात ग्रह नष्ट व्हायला आलाय, सगळी प्रजा भूतकाळात पळालीय, आणि मागे उरलाय एकटा म्हातारा ग्रंथपाल. नाव मिस्टर एटॉझ. मोठ्याने म्हणून बघ, इंग्रजी अक्षरमाला पहिलीपासून शेवटचीपर्यंत निघेल. स्वतःच्या धंद्यातल्या माणसाला तिने शेवटपर्यंत जागेवर ठेवलं. चांगले चार-पाच वेचून घेणार होतीस ना? हा त्या यादीत होता? मला शंका आहे.

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो, पाठ दुखायला लागली.

‘द डूम्सडे मशीन’वर लिहिताना तू १९६७च्या कारागिरांची पाठ थोपटलीस, ते मोडकं जहाज अवकाशात किती खरं वाटतं म्हणून. तू पाहिलीस ती प्रत २००६नंतर नव्याने केलेली असणार, त्यात जहाजं संगणकावर पुन्हा काढलीयत. तुझी शाबासकी भलत्यांच्याच पाठीवर पडली. मूळ भागातलं ते मोडकं जहाज म्हणजे दुकानात मिळणारं प्लास्टिकचं जुळणी-खेळणं, जाळून पोळून काळं केलेलं. त्यावरचा क्रमांकसुद्धा खेळण्याबरोबर आलेल्या १७०१ या आकड्यांची अदलाबदल करून १०१७ असा चिकटवलाय. जुनी प्रत मिळव आणि पुन्हा पाहा. कुठली प्रत पाहिली हे प्रत्येक टिपणाच्या वर लिहीत जा. अमेरिकेतसुद्धा पुढे पुन्हा दाखवताना जाहिरातींसाठी मिनिटं कापायचे. कापलेलं पाहून पुऱ्यावर बोलणं म्हणजे माझी वीज गेल्यासारखंच.

दुसरं, २८वा. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’मधल्या एकेका वाक्यासाठी तू हार्लन एलिसनला दंडवत घातलेस. त्याची पटकथा इतक्या हातांनी बदलली की पडद्यावर टोपणनाव टाका म्हणून तो हटून बसला होता, आणि त्यांनी टाकलं नाही. त्याच्या मूळ लिखाणाला लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावर जे आलं त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार. बदलणाऱ्यांत तुझा कूनही होता. तेव्हा कुठलं वाक्य कोणाचं हे ठाऊक नसेल तर ‘पटकथा’ म्हण, नाव घेऊ नकोस. एका ठिकाणी नाव झाकलेलं, दुसऱ्या ठिकाणी नको असलेलं नाव उघडं. पाट्या वाचून विश्वास ठेवायचा नाही. भाग पाहायचा.

५६ नव्याने लिही. लांबी मी सांगणार नाही, पण २५व्याला दिलीस त्याहून कमी असेल तर पाठवू नकोस. शेवट पाहिलास याचा पुरावा मला पहिल्या पानावर दिसला पाहिजे. टवाळी ठेव, चांगली आहे, लेखकाच्या मेंदूची ओळ तर मी काकूलाही वाचून दाखवली.

ते कार्ड सोबत ठेवतोय. इतकी वर्षं पासबुकात होतं, म्हणून मधे घडी पडलीय. कागदांबरोबर परत पाठव, हरवू नकोस.

तुझा,
काका

ता. क. — येत्या रविवारी सकाळी दहा ते अकरा फोन करू नकोस. ५७वा लावणार आहे. इन्व्हर्टर बसवून घेतलाय.